वहिनींची रिकामी पोती

लग्नाच्या पंगतीत ऐन वेळी पन्नास पाने वाढली तर काय करतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले आहे. आचारी कोणाशी काही न बोलता वरणाच्या पातेल्यात दोन कळश्या पाणी ओततो, मीठ-हिंग सारखे करतो, आणि पंगत उठते. ‘वरण काय झकास झाले होते!’ असेही चार जण सांगून जातात. घराचा स्लॅब घालण्याच्या दिवशी माल कमी पडला, तर पुष्कळदा नेमके हेच करतात. फरक एवढाच, की ते वरण दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही, आणि हा स्लॅब पुढची पन्नास वर्षे आपल्या देवघरावर, पाळण्यावर आणि जेवणाच्या पाटांवर असतो.

स्लॅबला माल किती लागेल, हा प्रश्न म्हणूनच ठेकेदारावर सोडून देण्याजोगा नाही. लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार. यात अवघड ते काय, असे आपण म्हणतो. आमचे नानाही तसेच म्हणाले होते.

नाना पोस्टातून निवृत्त झालेले. दिवसाअखेर हिशेबात रुपया जुळला नाही तर जेवण न जाणारा माणूस. चार वर्षांपूर्वी त्यांनी साताऱ्याजवळ गावाबाहेरच्या जागेवर घर काढले. नकाशा आणि सळयांचा तक्ता इंजिनियरने करून दिला. काम मात्र मजुरीच्या बोलीवर. म्हणजे माणसे मुकादमाची आणि सिमेंट, वाळू, खडी मालकाची. भिंती वर आल्या, तसे नाना एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडून माझ्याकडे आले. ओव्हरसिअरकीत माझा जन्म गेलेला, म्हणून नजरेखालून घाला म्हणाले.

हिशेब असा होता. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. जाडी ५ इंच. ६०० ला ५ ने गुणले आणि १२ ने भागले, की २५० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा माल अडीच ब्रास. ब्रासला २३ पोती धरून साडेसत्तावन्न. नानांनी हात सैल सोडून ६० लिहिली होती. खाली दोन रेघा मारून सही, तारीख. मी गुणाकार तपासला, भागाकार तपासला, आणि ‘चोख आहे’ म्हणून पत्रिका परत केली. वाचकहो, त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. ती का, ते पुढे येईलच.

आता ही २३ पोती कुठून आली? १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग खडी, हे स्लॅबच्या मालाचे आजचे प्रमाण. यांची बेरीज साडेपाच. तेव्हा १०० घनफूट जागा भरायला १०० घनफूट कोरडा माल लागेल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. माझ्या घरी एकदा ही चर्चा चालली असता नानांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हसून म्हणाल्या, ‘अहो, पोह्यांत डाळं नि दाणे घातले म्हणून चिवड्याचा डबा तेवढा वाढतो का? दाणे फटीत जाऊन बसतात.’ याहून सोपे मला तीस वर्षांत कोणाला सांगता आले नव्हते. खडीच्या फटींत वाळू बसते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि उरलेल्या बारीक जागेत पाणी. घरी पाहायचे असेल तर तीन वाट्या काबुली चणे आणि दीड वाटी रवा एका भांड्यात हलवून मोजा. साडेचार वाट्या भरणार नाहीत, बऱ्याच कमी भरतील. नंतर चाळून घेतले की रवा आणि चणे दोन्ही पुन्हा आपापल्या डब्यात.

म्हणून ओल्या मालाच्या सुमारे दीडपट कोरडा माल घ्यावा लागतो. आम्ही ओव्हरसिअर लोक १.५४ धरतो. १०० घनफुटांना १५४ घनफूट कोरडा माल. त्याला साडेपाचाने भागले की २८ घनफूट सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी. ५० किलोचे पोते सव्वा घनफुटाला किंचित कमी भरते, तेव्हा २८ घनफुटांची पोती झाली २३. मीटरमध्ये मोजणाऱ्यांनी घनमीटरला ८ पोती लक्षात ठेवावीत.

जुने गवंडी आणि मुकादम मात्र अजून ‘ब्रासला अठरा’ असे म्हणताना आढळतील. ते खोटे बोलत नसतात. १ : २ : ४ हे जुने प्रमाण, आणि त्याला अठराच पोती लागतात. त्या मापाने बांधलेली पुष्कळ घरे आजही उभी आहेत. पण भारतीय मानक संस्थेच्या आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीने लोखंडी सळयांच्या कामाला किमान ‘एम २०’ प्रतीचे काँक्रीट सांगितले. म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे. म्हणून अठराची तेवीस झाली. ठेकेदार अठरावर अडून बसला तर भांडू नये. इंजिनियरच्या नकाशावर प्रत लिहिलेली असते, तीवर बोट ठेवावे.

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते त्या काळात परमिटावर मोजकी पोती मिळत आणि घरोघर त्यांचा हिशेब सोन्याच्या वालासारखा होई. १९८२ साली ते नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पुरते उठले. सिमेंट मिळू लागले आणि मोजणी ढिली झाली, असे माझे आपले मत आहे.

असो. स्लॅबचा दिवस उजाडला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि साडेआठाला मिक्सर फिरू लागला. मी त्या दिवशी पुण्यास एका लग्नाला गेलो होतो. नाना वर सेंट्रिंगवर टोपी घालून उभे. खाली वहिनी वीस माणसांच्या स्वयंपाकात, आणि त्यांच्या शेजारी रिकाम्या पोत्यांचा ढीग. ती पोती धुऊन, उसवून, जळणावर आणि स्कूटरवर झाकायला त्यांना पावसाळी आच्छादन शिवायचे होते. कोणी एखादे पळवू नये, म्हणून त्या दहा-दहाची चवड करून सुतळीने बांधून ठेवीत होत्या. दुपारी एकला जेवणे झाली तेव्हा चार चवडी आणि वर चार पोती झाली होती.

जेवणानंतर मुकादम वर एक चक्कर मारून आला. अनुभवी माणूस, त्याच्या ध्यानात आले, की सोळा पोती उरली आहेत आणि स्लॅब तर दीड खोली पडायचा आहे. मिक्सर दिवसाच्या भाड्याचा, माणसे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर जायची, आणि मालक सज्जन. त्याने मालकाला त्रास दिला नाही. खाली येऊन मिक्सरवाल्याला एक वाक्य सांगितले: ‘घे जरा भागवून.’

भागवून घेणे! आपल्या घरांत हा केवढा गुण समजला जातो. महिनाअखेर भागवणारी सून लाखात एक. पण मिक्सरपुढे भागवणे म्हणजे एका घाण्याचे पोते दोन घाण्यांना. (मिक्सरच्या एका खेपेला आमचा मुकादम घाणाच म्हणतो, चकलीच्या घाण्यासारखा.) वाळू तीच, खडी तीच, सिमेंट निम्मे. प्रमाण झाले १ : ३ : ६. हा ‘एम १०’ माल. पाया घालण्यापूर्वी जमीन सपाट करायला घालतात तो. दिसायला अगदी सारखा, रंगाने जरा वाळूकडे झुकलेला. वर आणखी दोन बादल्या पाणी घातले, की थापीखाली लोण्यासारखा पसरतो आणि मालकाला वाटते, आता काम कसे छान चालले आहे. वास्तविक ‘एम २०’ च्या एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, वाळूतला ओलावा त्यातच धरून. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि जाताना आपली जागा पोकळ ठेवून जाते. तिथूनच पाऊस आत येतो आणि सळई गंजते.

चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या आणि पोती गोळा करू लागल्या. मग थांबल्या. पुन्हा मोजली. मिक्सरचा घडघडाट स्वयंपाकघरात ऐकू येत होता. जेवणानंतर त्याचे पोट आठ वेळा रिकामे झाले होते, हे चकल्या तळणाऱ्या बाईच्या कानाला सांगावे लागत नाही. आणि पोती होती पाच.

‘मुकादम, माझी तीन पोती कुणी नेली?’ त्यांनी विचारले.

मुकादम डोके खाजवू लागला. ‘वैनी, पोतं कशाला न्यायचंय कुनी? माल कमी हाय. भागवून घेतलं जरा.’

वहिनींना १ : ३ : ६ ठाऊक नव्हते. पण भागवणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी पदर खोचला, शिडी चढून वर गेल्या आणि नानांना म्हणाल्या, ‘काम थांबवा. आणि भावजींना फोन लावा.’

मी मांडवातून फोनवर बोलत होतो. मागे सनई, पुढे मिक्सर. पहिला प्रश्न मी विचारला तो हा, की ते शेवटचे घाणे पडून किती वेळ झाला. तास-सव्वा तास. माल अजून खोऱ्याने निघत होता. मी सांगितले, ‘सगळा काढा.’ पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. घातलेला स्लॅब उकरून काढणे, तेही आपल्या हातांनी, आपल्या पैशाचा! मग नानांचा आवाज आला, ‘काढतो.’

तो माल त्यांनी मागच्या अंगणात धुण्याच्या जागेखाली पसरला. जमिनीवर घालण्याचा माल जमिनीवर गेला. आजही ती जागा भक्कम आहे. उरलेली अकरा पोती नीट प्रमाणाने कालवून जेवढा पल्ला गाठता आला तेवढा गाठला आणि खोलीच्या मधोमध, भिंतीवर किंवा तुळईवर नव्हे, फळी उभी लावून काम तोडले. अर्धवट स्लॅब थांबवावाच लागला तर असा खांबा-भिंतींपासून दूर, गाळ्याच्या मधल्या भागात आणि उभ्या कडेने थांबवावा. उताराने पातळ करीत सोडून दिला, की तो सांधा कधी धरत नाही. तिसऱ्या दिवशी ती कड टाचून खरबरीत केली, धुतली, सिमेंटची राबडी लावली आणि पुढचा माल घातला. आणखी वीस पोती लागली.

वीस! साठाच्या हिशेबात वीस. पुण्याहून परतल्यावर मी टेप घेऊन गेलो आणि अर्ध्या तासात माझी मान खाली गेली. नानांचा गुणाकार चोख होता. मापे आतली होती. नकाशावर खोल्यांची मापे आतून लिहिलेली असतात. जमिनीला फरशी किती लागेल ते त्यावरून कळते. पण स्लॅब खोलीत तरंगत नाही, भिंतींवर बसतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंना धरली की ३० चे झाले साडेएकतीस आणि २० चे साडेएकवीस. क्षेत्र ६०० नव्हे, ६७७. तेवढ्यानेच माल २५० वरून २८२ घनफुटांवर गेला. नुसत्या भिंतीच्या जाडीने ३२ घनफूट, म्हणजे सात पोती!

मग दिवाणखान्यावरची तुळई. ती स्लॅबच्या खाली १३ इंच उतरलेली, ९ इंच रुंद आणि साडेएकवीस फूट लांब. स्लॅबच्या आतला तिचा भाग स्लॅबच्या हिशेबात आला, पण खाली लोंबणारा भाग नानांनी धरलाच नव्हता. तो साडेसतरा घनफूट. पुढच्या बाजूला ऊन-पावसासाठी ३ फूट पुढे काढलेला स्लॅब. कडेला पातळ होत जाणारा, सरासरी ४ इंच. तो साडेएकतीस घनफूट. सगळे मिळून ३३१. यात जिना नव्हता, तो पुढे कधीतरी व्हायचा होता. नाहीतर हा आकडा आणखी वाढला असता. ३३१ घनफुटांना ७६ पोती, आणि सांडलवंड धरून ८०. सळयांनी व्यापलेली जागा यातून वजा करायची नसते. ती थोडी असते, आणि सेंट्रिंग माल पडताच कुठे ना कुठे दबते, तिथे ती भरून जाते. पाच इंचांच्या स्लॅबमध्ये सेंट्रिंग सगळीकडे पाव इंच दबले तर शंभराला पाच माल वाढतो. ३३१ घनफुटांचे वजन सुमारे साडेतेवीस टन होते हे लक्षात घेतले, म्हणजे टेकूंखाली विटांचे तुकडे ठेवणाऱ्याला ते का ठेवू देऊ नयेत, हे सांगायला नको.

वाळूचेही थोडे सांगतो, कारण तिथे पुष्कळांचे पैसे जातात. वाळू ओलसर असली की फुगते. कोरडी किंवा पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू जेवढी जागा घेते, त्यापेक्षा दमट वाळू पाव हिश्शाने जास्त घेऊ शकते. नदीची वाळू असो की हल्ली मिळते ती दगड दळून केलेली. सरळ बाजूंच्या बरणीत दमट वाळू २० सेंटिमीटर भरा, ती बुडेल इतके पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. १६ वर येऊन थांबली, तर तुम्ही चारांचे पैसे देऊन हवा विकत घेतलीत. शिवाय पेटीने मोजताना वाळू कमी पडते, माल कमी भरतो आणि पुन्हा तेच, भागवणे. ब्रासच्या बोलीने वाळू-खडी घेताना गाडी रिकामी होण्यापूर्वी आतला माल वरून सारखा करायला लावून टेपने मापावा. ड्रायव्हर नाक मुरडतो. मुरडू द्यावे.

शहरात आता तयार काँक्रीट गाडीतून येते. ते घनमीटरने मागवायचे आणि चलनावर प्रत व माप वाचून घ्यायचे. तिथे पोती मोजण्याचा प्रश्न नाही. पण मागवताना बाहेरचे माप, तुळया आणि पुढे काढलेले स्लॅब धरायचे ते आपणच. फोनवरचा माणूस एवढेच विचारतो, ‘किती मीटर?’ चुकलात तर दुसरी गाडी येईपर्यंत पहिला माल घट्ट होत बसतो.

नानांचा मुकादम वाईट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. वाळूत माती जास्त आली तेव्हा त्यानेच गाडी परत पाठवली होती. त्याला चौरस फुटाचा दर आणि संध्याकाळची घाई. ‘कमी पडतंय’ हे मालकाच्या तोंडावर सांगण्यापेक्षा भागवणे त्याला सभ्यपणाचे वाटले, आणि आपल्याकडे असे सभ्य लोक फार. कमी पडल्याचे त्याने नानांना दोन वाजता सांगितले असते, तर नुकसान एका दिवसाचे होते, तीन पोत्यांचे नव्हते. पण ज्या घरात हिशेबाखाली दोन रेघा आणि सही असते, तिथे ‘तुमचा हिशेब चुकला’ असे म्हणायला तोंड कसे उघडावे? मी ते उघडायला हवे होते. गुणाकार तपासला आणि टेप कुठे धरला होता ते विचारले नाही. तीस वर्षे लोकांच्या मोजवह्या तपासणाऱ्या माणसाने!

स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी घालून दहा दिवस पाणी कोंडून ठेवले. नातवाने त्यात कागदी होड्या सोडल्या. पहिल्या पावसाळ्यात त्या सांध्याच्या खाली, पुढच्या खोलीत, एक ओली रेघ उमटली. नानांनी वरून सांधा कोरून भरून घेतला, गच्चीला पाणीबंद थर दिला. दुसऱ्या पावसाळ्यात रेघ आली नाही. छताला रंग दिला आहे, तरी ती नेमकी कुठे होती ते नानांना ठाऊक आहे. पावसाची जोराची सर आली, की बोलता बोलता त्यांचे डोळे एकदा वर जातात आणि परत येतात.

यंदा दिवाळीनंतर वरचा मजला घ्यायचे चालले आहे. गेल्या आठवड्यात नाना हिशेब घेऊन आले. या खेपेस पाठकोरी लग्नपत्रिका नव्हती, वहीतले चांगले दोन पाने भरून होते. तुळया वेगळ्या, जिना वेगळा, शंभराला पाच सांडलवंड वेगळी. खाली दोन रेघा, सही, तारीख. आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर, श्रीकाराच्या जागी, वहिनींच्या अक्षरात एक ओळ: ‘मापे बाहेरून घेतली आहेत. रिकामी पोती माझ्याकडे जमा करावीत.’